जागलीचा वाटा

कोपर, खाडीकाठ
मार्गशीर्ष वद्य अष्टमी, १९९४

प्रिय आई,

हे पत्र तुला अण्णांचा चष्मा लावून वाचावं लागेल, कारण तुझा स्वतःचा तू दुरुस्तीला टाकायचा म्हणून गणपतीपासून डब्यात घालून ठेवला आहेस. घाई करू नकोस. दादा ऑफिसला गेला, वहिनी तिच्या शाळेत गेली, की गॅलरीत पाट टाकून बस आणि सावकाश वाच. फोनवर हे सांगता आलं नसतं. शेजारच्या बाईंच्या हॉलमध्ये तू रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून नुसतं हं हं करतेस आणि बरी आहे गं मी, असं म्हणून ठेवून देतेस. प्रत्यक्ष नौपाड्याला यावं तर वहिनी समोर बसते. ती चांगलीच आहे, माझी काही तक्रार नाही, पण तिच्यासमोर तू मला पोह्यांचा आग्रह करण्यापलीकडे काही बोलत नाहीस. म्हणून आपली ही वही फाडून घेतलेली पानं.

आत्ता किती वाजलेत ते मला ठाऊक नाही. दुपार आहे आणि पाणी उतरलेलं आहे, एवढं ओट्यावरून दिसतं. आमची सगळी आळी झोपली आहे. चंदू उंबरठ्यावर पाय टाकून पालथा पडलाय, हेमा शाळेतून आली ती दप्तरासकट बापाच्या पाठीवर डोकं ठेवून निजली. पलीकडचा मारुती उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत आहे, त्याचे फक्त तळवे बाहेर दिसतात. कुत्रीसुद्धा झोपली आहेत. जाग्या आम्ही दोघीच, मी आणि आमच्या सासूबाई, आवडाबाई. सगळी आळी तिला आय म्हणते, म्हणून मीही म्हणते; अहो-जाहो केलं तर ती रागावते, तेव्हा पत्रातही तिला 'ती'च लिहिते. आय भिंतीला टेकून मिश्री लावते आहे आणि मधून मधून मुद्दाम खोकते आहे. त्या खोकण्याबद्दल पुढे सांगीन, कारण हे पत्र जवळजवळ त्याबद्दलच आहे.

आधी तुळशीचं बोलू. दिवाळीत तुझ्याकडे आले होते तेव्हा गॅलरीतल्या कुंडीला पाणी घातलं आणि पाण्याबरोबर मातीतून पांढऱ्या गोळ्या वर आल्या. डॉक्टरांनी लिहून दिलेली झोप तू रोज रात्री तुळशीला देत होतीस. मी बोटानं माती सारखी केली आणि कुणाला काही बोलले नाही. पण खरं सांग, त्या बिचारीनं काय घोडं मारलं होतं तुझं? पार मलूल झाली होती. गुरुदत्तदादाला वाटतं, गोळ्या घेऊनही आई झोपत नाही म्हणजे काहीतरी मोठंच बिघडलं. अण्णा गेल्यापासून तू झोपत नाहीस, हे त्याला कळलं ते स्वयंपाकघरात तू अंधारात तांदूळ निवडत बसलेली दिसलीस तेव्हा. घाबरला गं तो. त्यानंतर तू उठून बसणंच बंद केलंस. दिवा मालवला की सरळ आडवी होतेस, डोळे मिटतेस आणि उजाडेपर्यंत हलत नाहीस. आता तो म्हणतो, संक्रांत झाली की मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेतो, चार दिवस तिथंच ठेवून घेतील, काय ते कळेल. तुझे गाल बसलेत आई. झोप आली नाही म्हणून माणूस एवढं झिजत नाही. झोपल्याचं सोंग करून झिजतं. हे मी ऐकीव सांगत नाही, मीही ते सोंग वीस वर्षं केलंय, आणि ते कुणाच्या शेजारी पडून केलं हे तुला चांगलं माहीत आहे.

डोंबिवलीची ती खोली आठवते? अण्णांची अंबरनाथची पहिली पाळी, म्हणून आपल्याकडे नऊला दिवा बंद. नऊ म्हणजे नऊ. रेडिओवर कुणी बोलत असेल तर त्याचं वाक्य अर्धं राहायचं. मी तेव्हा मनातल्या मनात अण्णांवर चिडायचे, पण ते असे का झाले ते तू मला नंतर सांगितलंस: त्यांच्या शेजारच्या मशिनवरच्या माणसाला डुलकी लागली आणि त्याची बोटं गेली. ती बोटं अण्णांनीच रुमालात गुंडाळून दिली होती. तेव्हापासून झोप ही त्यांच्या लेखी भाकरीइतकी जपायची वस्तू झाली. न झोपणारं पोर म्हणजे पुढे कुठेतरी बोटं गमावणारं पोर. त्यांचा जीव होता आपल्यावर, म्हणून तर ओरडायचे. मी मात्र भिंतीवरच्या ओलीच्या डागांत हत्ती-घोडे शोधत पडून राहायचे आणि अण्णांनी कूस बदलली की डोळे गच्च मिटायचे.

आणि तू माझ्या शेजारी. दिवा मालवल्यावर तू सगळ्यात आधी एक काम करायचीस. हातातली काकणं एकेक करून कोपराकडे वर सारायचीस, घट्ट बसेपर्यंत. कूस बदलताना वाजू नयेत म्हणून. खरंच झोपणाऱ्या बाईला काकणांची कसली आलीय काळजी! त्यावरून मला कळायचं की आज रात्रीही तू जागी आहेस. आपण दोघी हातभर अंतरावर जाग्या असायचो आणि एकमेकींना फसवत राहायचो. एकदा तू हात लांब करून माझ्या पापण्यांवरून बोट फिरवलंस, बंद आहेत का बघायला. मी मोठा श्वास सोडून दाखवला. मग तूही तसाच मोठा श्वास सोडलास. सकाळी चहा गाळताना मला विचारलंस, झोप लागली का गं नीट? मी म्हटलं, हो, तुला? तूही हो म्हणालीस. एवढ्या वर्षांत आपण हा विषय परत कधी काढलाच नाही.

चंदूवर मी का भाळले हे तू मला कधी विचारलं नाहीस. अण्णांनी ओरडून विचारलं, पण त्यांना उत्तर नको होतं. आज तुला सांगते, हसू नकोस. मी त्याच्या झोपेवर भाळले. टायपिंगच्या क्लासात तीस मशिनं एकदम खडखडत असायची आणि हा कोपऱ्यातला खाडीवरचा मुलगा मशिनवर कपाळ टेकून शांत झोपलेला. त्याच्या वडिलांना, दामाजीमामांना, वाटायचं, पोरानं चिखलात उतरू नये, कुठेतरी कारकून व्हावं. पोरगा रोज येऊन मशिनवर झोपून जायचा. सर पट्टीनं टेबल वाजवायचे, तरी उठायचा नाही. मला हेवा वाटायचा, मग त्याची काळजी वाटायला लागली, मग तो एक दिवस आला नाही तर करमेना. कपाळावर अक्षरांच्या कळांचे ठसे उमटायचे त्याच्या. अशा माणसाच्या शेजारी आपल्यालाही झोप येईल, एवढा साधा हिशेब होता माझा. लोक घर बघून मुलगी देतात, मी झोप बघून नवरा केला.

लग्नानंतर तुला पहिलं पत्र लिहिलं त्यात मी, इथं सगळं छान आहे, असं लिहिलं होतं. ती थाप होती. पहिल्याच आठवड्यात मला वाटलं, मी वेड्यांच्या घरात आले. इथं कुणी सलग झोपतच नव्हतं. पाणी येईल तेव्हा उठायचं, होड्या बाहेर काढायच्या, ओहोटीबरोबर जाऊन जाळी लावायची, परत येऊन मिळेल तिथं पडायचं. आणि पाणी तरी घड्याळाप्रमाणे येतं का? रोज थोडं मागे सरकतं. आज पहाटे उठलेला माणूस पंधरवड्याच्या आत भलत्याच वेळी उठतो. पुनव-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा झोपेचे नुसते तुकडे: जेवताना एक, जाळं सुकवताना एक, बायकांचा बाजारातून आल्यावर पाटी डोक्याखाली घेऊन एक. अष्टमीच्या सुमाराला भांग पडतो, पाण्याला ओढ नसते, मग सगळे मागचं देणं फेडल्यासारखे दिवसभर झोपतात. आज अष्टमी आहे. आता कळलं ना, सगळी आळी का निजली आहे ते? आणि कुणाच्या घरी कोण निजेल याचाही नेम नाही. कितीदा मी सकाळी मोजलं तर घरात दोन पोरं जास्तीची निघायची.

उठवायची तऱ्हा तर त्याहून निराळी. मी अशीच डोळे मिटून पडले होते आणि कुणीतरी माझ्या पायाचा अंगठा धरला. मी किंचाळले, मला वाटलं घूस. ती आय होती. इथं झोपलेल्या माणसाला नावानं हाक मारत नाहीत. यांचं म्हणणं असं की, निजलेल्याचा जीव खाडीवर फिरायला गेलेला असतो. हाक मारली तर घाईघाईनं अर्धाच परत येतो आणि माणूस दिवसभर अर्धवट राहतो. म्हणून अंगठा धरायचा, हलक्या हातानं, आणि धरून बसायचं. त्याचा तो येतो. मी हे ऐकून हसले होते. पण नऊचा दिवा आणि पहाटेची आरोळी यांत वाढलेल्या माझ्यासारखीला कुणीतरी गप्प अंगठा धरून वाट बघत बसतं, याचं काय वाटलं ते मला सांगता येणार नाही. पुढे पुढे मी जागी असूनही पडून राहायचे, तिनं अंगठा धरावा म्हणून.

तिला ते कळलं. आयपासून काही लपत नाही. एक दिवस दुपारी जाळ्याला गाठी मारता मारता तिनं विचारलं, गो, तू निजतंस कवा? मी नेहमीप्रमाणे थाप मारायला तोंड उघडलं आणि रडू आलं. मी तिला सगळं सांगितलं, लहानपणापासून झोप येत नाही, मला काहीतरी झालंय. वाटलं होतं, आता ही म्हणेल, खोटी सून पदरात पडली. ती हातातलं जाळं टाकून उठली आणि आळीतल्या बायकांना बोलावून आणलं. म्हणाली, बघा, आपल्याला जागलीला बाय गावली!

जागल हा शब्द तुला मी सांगायला नको. फक्त तुमच्याकडे ती शेताची, इथं आळीची. सगळे तुकड्यातुकड्यांनी झोपतात, म्हणजे कुणीतरी एक जागं पाहिजे. पाणी कुठवर आलं ते बघायला, होड्यांचे दोर बघायला, तापलेल्या पोराला बघायला, आणि वेळ झाली की घराघरांत जाऊन अंगठे धरायला. जागलीच्या बाईनं गप्प बसायचं नसतं, याचं मला सगळ्यात जास्त नवल वाटलं. तिनं खोकायचं, भांडं आपटायचं, गुणगुणायचं, काकणं वाजवायची. तो आवाज चालू आहे तोवर निजलेल्याला कळतं की कुणीतरी जागं आहे, आपण निजायला हरकत नाही. थांबला तर पोरं दचकून उठतात. कोळणींच्या एकाच हातात काकणं असतात, दुसऱ्या हाताची दर्याला दिलेली. पण जागलीला बसणारीच्या त्या एका हातात ती असलीच पाहिजेत, नवरा असो नसो. दामाजीमामा गेले तेव्हा आयची काकणं उतरवली आणि त्या रात्री आळीत कुणाला झोप येईना. दुसऱ्या दिवशी मारुतीच्या म्हाताऱ्या आईनंच तिच्या हातात नवी भरली. आणि जागलीला वाटा असतो. सगळ्या होड्यांच्या मासळीतला मूठमूठ, पाटीत वेगळा काढलेला. तो दान नाही, मेहेरबानी नाही. जाळ्याचा वाटा असतो, होडीचा असतो, तसा जागलीचा.

तर अशी मला नोकरी लागली. जे लपवत मोठी झाले, त्याचे मला बोंबील आणि कोळंबी मिळायला लागली! मी ओट्यावर बसायचे, काकणं वाजवायचे, आपल्या डोंबिवलीच्या खोलीत जे केलं तर मार मिळाला असता ते सगळं. आणि काय झालं सांगू? मला झोप यायला लागली. आधी जागलीवरून उठल्यावर थोडी, मग दुपारची, मग कधीही. आय बाहेर खोकते आहे, आपली पाळी नाही, एवढं कळलं की माझे डोळे आपोआप मिटायचे. डॉक्टर नाही, गोळी नाही. मला झोपवायचं कुणी ठरवलंच नाही, म्हणून असेल.

तू आणि अण्णा एकदाच आलात इथं, हेमा दोन वर्षांची होती तेव्हा. लेकीच्या घरचं अन्न घ्यायचं नाही म्हणून तू पाण्याचा तांब्यासुद्धा पिशवीतून आणला होतास. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर ताठ बसले. अशीच उतरल्या पाण्याची दुपार होती आणि सगळी आळी आडवी. त्यांनी चारदा घड्याळ बघितलं. कामाच्या दिवशी एवढी धडधाकट माणसं निजलेली त्यांना बघवेनात. मी आत चहा टाकला, जो तुम्ही पिणार नव्हता, आणि बाहेर येऊन बघते तर अण्णा भिंतीला टेकून झोपलेले. तोंड उघडं, घड्याळाचा हात मांडीवरून खाली लोंबलेला. मी अण्णांना दिवसा झोपलेलं त्या एकदाच पाहिलं. दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत. शेवटी आयनं हेमाला पाठवलं, ती दोन्ही मुठींत त्यांचा अंगठा धरून बसली. उठले तेव्हा किती ओशाळले होते! पण जाताना चंदूच्या पाठीवर हात ठेवला त्यांनी. चार वर्षांत पहिल्यांदा. एवढ्या शांत झोपेनंतर माणसाला फार वेळ रागावता येत नसावं.

पण मला त्या दुपारचं दुसरंच आठवतं. अण्णा झोपले तेवढा वेळ तू आणि आय शेजारी शेजारी बसला होतात. मी दाराआडून ऐकत होते, कान लावून ऐकायची खोड तुझीच आहे. तू तिला तुमच्या गावच्या जागलीचं सांगत होतीस. ज्वारी हुरड्यावर आली की आजोबा राखणीला शेतातल्या माळ्यावर जायचे आणि त्यांच्याबरोबर तू. ते थोडे निजायचे, तू गोफण घेऊन बसायचीस, मग तू निजायचीस आणि ते बसायचे. गारठ्यात एकच घोंगडं, ते निजणाऱ्याला. तू आरोळी द्यायचीस, पलीकडच्या रानातून कुणीतरी उलट आरोळी द्यायचं. ती ऐकल्यावर जी झोप लागायची तशी पुढे कधी लागली नाही, असं तू म्हणालीस. लग्न करून डोंबिवलीला आलीस आणि रात्र एकदम अख्खीच्या अख्खी अंगावर आली, एकटीच्या. आई, मी तेवीस वर्षं तुझ्या शेजारी झोपले, म्हणजे झोपले नाही, आणि हे तू मला कधी सांगितलं नाहीस. आयला पहिल्या भेटीत सांगितलंस. मला थोडा रागच आला होता. तुम्ही गेल्यावर आय म्हणाली, तुजी आय जागलीची बाय हाय गो, तिला फुकट घालवलीव तुमी.

आता आळी तेव्हासारखी राहिलेली नाही. खाडीत वरून काय काय सोडतात, कधीकधी पाण्याला फेस येतो आणि बोईट मासे उलटे होऊन काठाला लागतात. निम्मी तरणी पोरं रेतीच्या बोटींवर गेली, दोघं दिवा स्टेशनाजवळ खोली घेऊन राहतात. आठ-दहा होड्या उरल्यात. तरी उधाण यायचं थांबलेलं नाही, आणि रेतीची बोटसुद्धा पाणी बघूनच सुटते, तेव्हा जागल आहे. मात्र आय थकली. गेल्या पौर्णिमेला तिला ताप भरला आणि जागल माझ्यावर आली. आता पुढचं वाचून दादाला सांगू नकोस. मी काकणं भरली, ओट्यावर बसले, आतून चंदूचा श्वास ऐकू येत होता, कुणाचं तरी पोर माझ्या मांडीवर होतं, पाणी चढत होतं, आणि मी झोपले! बसल्या बसल्या, जागलीवर, उधाणात. जागी झाले तेव्हा ऊन पडलं होतं, अंगावर कुणीतरी गोधडी घातली होती, पाणी निघून गेलं होतं आणि सगळ्या होड्या रांगेनं चिखलात बसल्या होत्या. समोर अख्खी आळी चहाचे कप घेऊन बसलेली. माझ्या घोरण्याच्या आवाजावरच सगळे निर्धास्त निजले होते, उशिरा उठून बघतात तर होड्या रुतलेल्या. आता हिला उठवून तरी काय करायचं, म्हणून माझ्या झोपेकडे बघत बसले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आय तापातून उठून आली आणि हसता हसता तिला ठसका लागला. म्हणाली, न निजणारी सून आणली व्हती, ती पन आपुन बिघडवली.

उधाणाचा एक दिवस बुडाला, त्याबद्दल मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. पण संध्याकाळी आय माझ्याजवळ येऊन बसली आणि हसणं सगळं गेलेलं होतं. चाळीस वर्षं ती जागलीला आहे. ऐन तरुणपणी बसली, नवरा गेला तरी बसली. तिला वाटलं होतं, आता मंदा आहे, आपल्याला सोडवील. पण मला तर झोप लागायला लागली, माझा काही भरवसा नाही. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, मना एकदा पोटभर निजायचं हाय गो, मरायच्या आधी. आळीतल्या एवढ्या माणसांना तिनं झोपवलं आणि तिच्यासाठी खोकणारं कुणी नाही.

म्हणून हे पत्र, आई. ते मी माझ्या मनानं लिहीत नाही, आयनं लिहायला बसवलं आहे. आत्ताही ती पानाकडे बघून विचारते आहे, लिवलंस काय? तिनं सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते: विहीणबाईंना सांग, पाहुणी म्हणून नको येऊ, लेकीकडे म्हणून तर नकोच येऊ, जागलीला ये. तू लेकीच्या घरचं खात नाहीस, नको खाऊस. तुझा वाटा तुझा असेल. आमच्या मासळीला चिखलाचा वास येतो म्हणतेस, तर ती बाजारात जाईल आणि तुझी ज्वारी येईल. पीठ तुझं, चूल तुझी, वाटलं तर आम्हालाच एक भाकरी घाल. हो असेल तर दादाला एवढंच सांग की शनिवारी चंदू न्यायला येतोय, पुढचं दादाशी तो बोलेल, आणि ती तुळशीची कुंडी बरोबर आण, तिलाही जरा जाग येऊ दे. इथं तुला कुणी आडवं व्हायला सांगणार नाही. तू ओट्यावर बसशील, आरोळी द्यावीशी वाटली तर दे, आतून आय झोपेत हुंकार देईल. आणि पहाटे कधी तुलाही डुलकी लागली, तर नावानं कुणी हाक मारणार नाही. मी येऊन तुझा अंगठा धरून बसेन. काल कासारीण आली होती. आयनं तुझ्यासाठी काकणं घेतली आहेत, हिरवी, चांगली वाजणारी. तुझं माप कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मी माझा हात पुढे केला. ती वर सारायची नाहीत हं, आई.

शनिवारी वाट बघते. मी झोपले असले तर उठव.

तुझीच जागी लेक,
मंदा